डोळे आमटीवर, ध्यान मटणावर

गड्यांनो, सासुरवाडीला कुणी तारांची टोपी घेऊन आलं, तर तिथं थांबू नगा.

कवठे महांकाळला आमचं सासरं, आप्पा. लकव्यानं त्यांची वाचा गेली. सांगलीत इंजिनीअरिंग करणारी त्यांची भाची त्यांच्यासाठी ती टोपी घेऊन आली. टोपी आप्पांच्या डोक्यावर बसवली. म्होरच्या पडद्यावर दोन चित्रं लुकलुकत होती, आमटी-भात आन् मटण. भाची म्हणाली, "आप्पा, डोळे कुठंही असू द्या. ध्यान ज्याच्यावर जाईल, ते मशीन बोलेल."

डॉक्टरनं मटण बंद केलेलं. सासूबाई शेजारीच उभ्या. "आवं, आमटी-भात म्हणा."

आप्पा लय गुणी चेहरा करून आमटीकडं बघाय लागलं. मशीन वरडलं, "मटण!"

परत केलं. परत "मटण!"

भाची म्हणाली, "मामी, मशीन चुकतंय वाटतं."

"न्हाई पोरी, बरूबर हाय," सासूबाई म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं ह्यांचं डोळं माझ्याकडं आन् ध्यान भलतीकडंच."

आप्पा आजारपणात पहिल्यांदा खुदकन हसलं. मीबी हसलो.

तेवढ्यात आमची बायको म्हणाली, "ती टोपी जरा ह्यांच्या डोक्यावर बसती का बघ की गं."

मी गाडीला किक मारली, ते थेट घरी कोरेगावातच थांबलो.