शांताची भाकर मीच मोजली

बाळंतपणाच्या गोष्टी मी लिहाव्यात हे धाडसच आहे, आणि त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय नाही, आणि हा विषयही माझा नाही. पण शहाऐंशीच्या उन्हाळी सुट्टीत गावी गेलो, तेव्हा शेजारच्या गयामावशीनं मला ओसरीवर बसवून घेतलं. मावशी मोहगावकडच्या आमच्या गावची दाई. म्हणाली, शिकून राहिला ना तू, मंग लिही. ती बोलली तसं लिहिलं आहे. कमीजास्त झालं असेल तर दोष माझा.

माहा जन्म याच गावचा. माय दाई होती, तिले तिच्या मायनं शिकवलं, मले तिनं. दिवसा कपाशी वेचाची, संत्रा तोडाचा, आन बोलावनं आलं का काम तसंच टाकून पळाचं. किती लेकरं या हातावर आली ते मले सांगता नाही येत, पन कोनतं लेकरू हाताले किती जड लागलं ते मी इसरत नाही बाबू, एकबी नाही.

आमची शिकवन एकच. पोटुश्या बाईनं अर्ध्या पोटानं राहावं. लेकरू बारीक राह्यलं तं सुटका सोपी. तुले हासू येऊन राहिलं का? हास. पन तवा माह्यासंगं बैलगाडीत बसून पाह्यलं असतं तं हासला नसता. एक बाई होती, खाऊनपिऊन धडधाकट, लेकरू मोठं, अडलं. नाल्याले पूर, दवाखाना पल्याड सौंसरले. माह्या मांडीवर गेली ती. त्याच्यावर मी कोन्या बाईले खाय म्हनून कशी सांगू?

शांता माही एकुलती एक. पयलं बाळंतपन मायघरीच करतेत, म्हनून सातव्यात आनली तिले. आन मीच तिची भाकर मोजली. सकाळी एक, संध्याकाळी अर्धी. ती म्हने, माय, भूक लागली व. मी म्हनो, पानी पे, तुलेच सोपं जाईन. एक डाव शेजारनीनं तिले वरन-भात खाऊ घातला तं मी त्या शेजारनीसंगं भांडली. खोटं कायले सांगू. सुषमा झाली ते घंटाभरात झाली. खारीएवढी पोट्टी. आन मी गावभर सांगत फिरली, पाहा, दाईची पोरगी कशी सुटली!

मंग भेव वाटलं, एवढंसं लेकरू जगते का नाही. जावई पांढुर्ण्याले जिनिंगमधी चौकीदार लागले, घरात गहू आला, घी आलं. शांतानं आपली सारी भूक त्या पोट्टीच्या तोंडात घातली. पोट्टी फुगत गेली. आता बारा वर्सांची हाये, जिना चढाले दम लागते.

आन लोकं! शाळेतले पोट्टे म्हनते, ट्रक आला, बाजू व्हा. एका लगनात तिची आत्या भर पंगतीत म्हने, हिच्यासाठी येगळी पंगत बसवा व. समद्या बाया हासल्या. पोट्टी भरल्या पानावरून उठली. मी म्हनलं, अवं, तुह्या ताटातलं खाल्लं का तिनं? तुहे पोट्टे तिच्या दुप्पट खातेत आन काटकीसारखे हायेत, त्यायले नाही कोनी खादाड म्हनत!

मले काय दिसलं सांगू? माह्या हातावरची लेकरं मी आठवून पाह्यली. ज्यायच्या माया पोटुश्या असताना उपाशी, आन मंग ज्यायच्या घरी खानं आलं, त्यायतली कितीक अशी फुगली. समदी नाही. मी शिकली नाही, पन दिसलं ते दिसलं. संत्र्याच्या बगीच्याले ताण देतो ना आपन? महिनाभर पानी तोडतो, पानं सुकतेत, मंग पानी सोडलं का झाड कसं अधाशासारखं पेते! पोटात असतानाच ज्याचं तोडलं ते अंग मंग मिळालेलं सोडत नाही.

हेच मी सौंसरले एका डागदरले सांगाले गेली, पोट्टीले घेऊन. तो हासला. म्हने बाई, खाते म्हनून फुगते, हिचं तोंड बंद ठेवा. तिच्यासमोर बोलला तो! पोट्टीनं मान खाली घातली. मी म्हनलं साहेब, नऊ महिने तोंड बंदच होतं, हिच्या मायचं, मीच केलतं, त्याचंच तं हे. तं म्हने, चला, पुढचा पेशंट.

आन आता बारा वर्सांनी शांताले पुन्हा दिवस गेले. पाचवा लागला. परवा मी पांढुर्ण्याले गेली तं काय, घरात दोघी उपाशी! भाकरीच्या डब्याले शांतानं कुलूप लावलेलं. सुषमाले अर्धी भाकर देते, बारीक व्हावी म्हनून, आन सोता अर्धी खाते, सुटका सोपी व्हावी म्हनून. मी म्हनलं, शांते, खाय माय, मी चुकली होती. उभ्या जन्मात असं मी कोनाले म्हनलं नाही. तं ती काय म्हनते? तवा माही भाकर मोजली, आता म्हनते खाय? या वयात अडली तं तू सोडवशीन का?

भेव मलेबी हाये, बाबू. मी म्हनलं, मी नाही सोडवत, दवाखान्यात नेईन. दाई असून म्हनलं! पांढुर्ण्यात दवाखाना हाये, तुले आता कोनता नाला आडवा येते? मी डब्याची चाबी मांगितली, तं तिनं दिली नाही. पोट्टी दारात उभी राहून आमच्याकडं पाहून राहिली.

उद्या पुन्हा जातो मी. हाकललं तं हाकललं, बसून राहीन. हे लिही, आन सुषमाले कोनी खादाड म्हनलं तं वाचून दाखव त्याले. लेकरू सुखात राहो, बस.

सुट्टी संपली आणि मी छिंदवाड्याला परतलो. पुढं काय झालं ते कळेना, आणि विचारायचा संकोच वाटे. दिवाळीच्या आधी माझ्या बहिणीचं पोस्टकार्ड आलं. उन्हाळ्यात गेलेली मावशी पांढुर्ण्यालाच राहिली आहे. सुषमा अंगानं होती तेवढीच आहे, पण तिघी एका वेळी जेवायला बसतात, पोटभर. शांताताईला दवाखान्यात मुलगी झाली. दीड दिवस फार त्रास झाला, मावशी तो सगळा वेळ बाहेर बाकावर बसून होती. बाळ चांगलं भरलेलं आहे. नर्सनं शांताताईला विचारलं, खाण्यापिण्याकडं एवढं लक्ष कुणी दिलं, सासूनं का?

शांताताई म्हणाली, माह्या मायनं.