सीमेपलीकडचा वारा

(समुद्रकिनारी उभी गाडी, टपावर बांधलेला काइट, म्हणजे वाऱ्यावर माणसाला पाण्यावरून ओढत नेणारा मोठा पतंग, आणि पायाखाली घ्यायची फळी. बायको ओल्या सलवारीचे पाय पिळते आहे, नवरा चहा गाळतो आहे.)

बायको : दगड कुठे आहेत म्हणालात?

नवरा : पाण्याखाली. काल संध्याकाळी दाखवले की तुला.

बायको : काळं काहीतरी दाखवलंत. आत्ता ओहोटीला त्या टोकापर्यंत चालून आले मी. शेवाळ आहे ते. पायाला गुदगुल्या करतं, बिचारं.

नवरा : एकटी गेलीस? मला उठवायचंस.

बायको : उठवलं असतं तर आणखी चार दगड सापडले असते तुम्हाला.

नवरा : बरं, दगड नसतील. पण वारा? काल वारा मोजायच्या मीटरवर पाहिलंस ना, आकडा वर सरकायला तयार नाही. तुझा काइट दोरीवरच्या चादरीसारखा लोंबेल, तुला काय ओढणार तो?

बायको : गाडीच्या आडोशाला मीटर धरल्यावर आकडा कसा सरकेल?

(नवरा कपाकडे न बघता चहा ओतत राहतो.)

बायको : चहा सांडतोय.

नवरा : दिसतंय मला.

बायको : उत्तरेचं डोंगरातलं तळं पाहिलं, तर म्हणे तिथला वारा लहरी. पश्चिमेला लाटा अंगावर येतात. मधल्या त्या किनाऱ्यावर विजेच्या तारा होत्या, त्या मात्र खऱ्या, ते मान्य. आता इथे दक्षिणेला उथळ खाडी, मऊ वाळू, वारा किनाऱ्याच्या कडेकडेने. खोलीची मालकीण सांगत होती, लोक लांबून काइट घेऊन येतात इथे. आणि आपण सामान आवरतोय. शेजारचा देश पालथा घालू, चांगल्या जागा शोधू, ही कल्पना कुणाची होती?

नवरा : माझी.

बायको : केवढी हरखले होते मी. वर्षभर भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करत दुखावलेला खांदा वळता केला.

नवरा : मला वाटलं, फिरून फिरून हौस फिटेल तुझी. चार गावं बघशील, फोटो काढशील.

बायको : टपावरच्या काइटचे?

नवरा : तुला काही आठवत नाही ना, म्हणून चेष्टा सुचते.

बायको : काय आठवत नाही?

नवरा : पडलीस तो दिवस. तुझी शुद्ध गेली होती. जे पाहिलं ते मी एकट्याने पाहिलं. काइट माझ्या हातात होता. तू अंगठा वर केलास, मी सोडला आणि वाऱ्याचा झोत आला. पार होड्यांपर्यंत फरफटत नेलं तुला. मी मागे धावत होतो. पोचलो तेव्हा तुझा हात… उलटा पडला होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

बायको : कधी बोलला नाहीत.

नवरा : दवाखान्यात डोळे उघडलेस आणि पहिलं काय विचारलंस? काइट फाटला का. मग काय बोलू?

बायको : इकडे या. ठेवा ती गाळणी. अहो, इशारा मीच दिला होता. अंगठा वर झाला की सोडायचा, हेच शिकवलंय आपल्याला.

नवरा : माझ्या हातांना ते पटत नाही. परत धरला तर सोडवणारच नाही माझ्याच्याने.

बायको : मग आपण आपल्यापुरतं बदलू. मी अंगठा दाखवीन. सोडायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

नवरा : आणि नाहीच सोडवला तर?

बायको : तर उभी राहीन मी. पाणी कमरेएवढंच आहे इथे.