कोट्यातली आई

फाबियान: ...आणि ते दुसरं जाकीटही चढवा, सासूबाई. अंगावर असलं तर तो कपडा. पिशवीत असलं तर तो माल.

नेलिदा: अरे, तीन थर झालेत आधीच. चौथं घातलं तर हात खाली येणार नाहीत माझे. जकात नाक्यावरच्या माणसाला वाटेल, म्हातारी शरण आली.

सिल्वाना: आई, आत्ता नको घालूस. गाडी जागची हलत नाहीये. अर्धं मेंदोसा ह्या घाटात उभं आहे, सगळे चिलीतल्या सेलमधून परत घरी निघालेत. आणि फाबियान, दुसऱ्यांना शिकवण्याआधी स्वतःची मान बघ. किमतीची चिठ्ठी लोंबतेय.

फाबियान: कुठे? काढ, काढ! अगं, ह्याच चिठ्ठीनं माझ्या बहिणीच्या, रोक्सानाच्या, नवऱ्याचा घात केला होता. नाक्यावर शपथेवर सांगत होता, बूट जुने आहेत म्हणून. पाय वर करायला लावला, तर तळव्याला चिकटलेलं ‘चाळीस टक्के सूट’.

नेलिदा: आणि माझ्या जुन्या चपला? त्या घेतल्यास ना?

फाबियान: हॉटेलात सोडल्या. सगळे सोडतात. जुनं घालून जायचं, नवं घालून यायचं. त्या हॉटेलवाल्यानं आत्तापर्यंत मेंदोसाच्या चपलांचं दुकान टाकलं असेल.

नेलिदा: चांगल्या होत्या रे. चिलीला जाताना माझ्या चेरी गेल्या, येताना चपला गेल्या.

सिल्वाना: चेरी कुठे गेल्या? ‘फळं आत नेता येणार नाहीत’ म्हटल्यावर तू त्या पोलिसासमोर उभ्या उभ्या अर्धा किलो खाल्ल्यास.

नेलिदा: मग? माझ्या अंगणातल्या चेरी त्याच्या पिंपात टाकू? त्यालाही देत होते. नाही घेतल्या बिचाऱ्यानं, पण बघत होता.

फाबियान: बरं, आता नीट ऐका, सासूबाई. बोगदा ओलांडला की आपल्या देशाचा नाका. तिथे साहेब विचारेल, हा टीव्ही कुणाचा? तुम्ही म्हणायचं, आमचा तिघांचा.

नेलिदा: माझा कसा? माझ्याकडे आहे की टीव्ही. आणि ह्याच्याशी माझं काही जमणार नाही. सकाळपासून मागच्या सीटवर ह्याला खांदा देऊन बसलेय. वळण आलं की मेला अंगावर येतो.

फाबियान: अहो, नुसतं म्हणायचं. माणशी कोटा तीनशे डॉलरचा, तेवढा माल बिनजकातीचा. तिघांचे नऊशे. टीव्ही, पोरांचे दोन टॅब, कॉफीचं मशीन. मी दुकानात उभं राहून हिशेब केलाय, चपखल बसतं. तुम्ही नसता तर पार वाट लागली असती.

नेलिदा: थांब. ते शेवटचं परत बोल.

सिल्वाना: फाबियान, पुरे.

नेलिदा: नाही, बोलू दे त्याला. मी नसते तर काय?

फाबियान: म्हणजे... नसता तर. पण आहात ना! मिटला प्रश्न.

नेलिदा: सिल्वाना, मागे वळ. माझ्याकडे बघ. मला कशासाठी आणलंत तुम्ही?

सिल्वाना: असं काय विचारतेस, आई? तुला जरा हवापालट व्हावा म्हणून.

नेलिदा: हवापालट! गुरुवारपासून मॉलच्या एसीत बसलेय. हवा तेवढी पालटली खरी. नाक बंद झालं.

सिल्वाना: आई...

नेलिदा: आणि जावईबापू, एक शंका आहे. रागावू नका. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईचेही पूर्ण तीनशे धरतात का हो? की वयोमानाप्रमाणे काही सूट?

फाबियान: नाही नाही, पूर्ण धरतात. पोरांचे निम्मे.

सिल्वाना: फाबियान!

नेलिदा: अच्छा. पोरं निम्म्याची, म्हातारी पूर्ण. म्हणून पोरं रोक्सानाच्या घरी आणि मी गाडीत. मी आपली येडी. नातवंडांना रडत ठेवून मला नेतायत, म्हणजे केवढी माया, असं सगळ्या गल्लीला सांगून आले.

सिल्वाना: तसं नाही गं ते.

नेलिदा: इर्मा म्हणाली होती. कुंपणावरून वाकून म्हणाली, ‘नेलिदा, तुला कोट्यासाठी नेतायत. माझी सून मला दोनदा घेऊन गेली. दुसऱ्या वेळेला तर मॉलमध्येही नेलं नाही, गाडीतच बसवलं.’ मी तिच्या तोंडावर दार लावलं. म्हटलं, तुझी सून असेल तशी, माझी लेक तशी नाही. आता तिच्यासमोर कुठल्या तोंडानं उभी राहू?

फाबियान: अहो सासूबाई, इर्माबाईंना काय, बोलायला विषय हवा. चहा घेता का? थर्मासमध्ये पाणी आहे अजून.

नेलिदा: ठेव तुझा चहा. समुद्र दाखवतो म्हणाला होतात.

सिल्वाना: वेळ मिळाला तर, असं म्हणाले होते मी.

नेलिदा: शुक्रवारी म्हणालात, आज पहिला दिवस आहे, चांगला माल संपेल, समुद्र उद्या. शनिवारी म्हणालात, हाच टीव्ही दुसऱ्या मॉलमध्ये स्वस्त आहे, तिकडे जाऊ. आज म्हणालात, लवकर निघू, नाहीतर गर्दी होईल. लाभली ना गर्दी? बसा आता.

फाबियान: पुढच्या वर्षी नक्की. शब्द देतो. आधी समुद्र, मग सेल.

नेलिदा: माझ्या वयाला पुढच्या वर्षाचा वायदा देतोस? टीव्हीला तरी लेखी गॅरंटी मिळाली तुला.

सिल्वाना: आई, आता सगळं आमच्याच माथी मारू नकोस. बाबांनी तरी कधी दाखवला तुला समुद्र?

नेलिदा: बाबांचं नाव काढू नकोस. त्या माणसानं अठ्ठ्याहत्तर साली ह्याच डोंगरात बंदूक घेऊन दिवस काढले होते. चिलीशी लढाई होता होता राहिली, पण त्याच्या डोक्यातली काही थांबली नाही. समुद्राचा विषय काढला की म्हणायचा, ‘आपल्या दारातल्या पाटाचंच पाणी, नुसतं मीठ जास्त.’ मी जन्मभर त्या पाटाकडे बघून समुद्र समजून घेतला. आता तो गेला, म्हटलं, लेक नेईल. तर लेकीनं मला टीव्हीच्या खोक्याशेजारी रचून ठेवलं.

फाबियान: सासूबाई, मग... नाक्यावर काय सांगणार तुम्ही?

नेलिदा: खरं ते सांगणार. साहेब, ह्या टीव्हीशी माझा काहीएक संबंध नाही. मी आपली तीनशे डॉलरची बाई, वाटेत बसवून घेतलंय.

फाबियान: अहो, असं करू नका! जकात बसेल. जकात भरून त्या किमतीत मेंदोसातच घेतला असता की मी. वर तीन दिवसांचं हॉटेल!

नेलिदा: आता कसं बोललास. जरा घाम येऊ दे तुलाही.

सिल्वाना: आई, घाम तुलाच फुटलाय. तोंड बघ किती लाल झालंय. ते आतलं स्वेटर तरी काढ.

नेलिदा: नको.

सिल्वाना: अगं, चक्कर येईल. काढ, मी मदत करते. हात वर कर.

नेलिदा: नको म्हणतेय ना! काही होत नाही मला.

सिल्वाना: हा पट्टा कसला? निळा... आई, आत काय घातलंयस तू?

फाबियान: काय घातलंय? नवीन आहे? सासूबाई, तुम्ही आम्हाला न सांगता खरेदी केलीत? बिल आहे का? केवढ्याचं?

नेलिदा: भिऊ नकोस. तुझ्या नऊशेला धक्का लागणार नाही. अंगावर आहे, म्हणजे कपडाच. तूच म्हणालास.

सिल्वाना: पण आहे काय?

नेलिदा: स्विमसूट.

सिल्वाना: काय?

नेलिदा: गुरुवारी घेतला. तुम्ही दोघं टीव्ही इंचात मोजत होतात ना, तेव्हा. समोरच्या दुकानात निम्म्या किमतीत लावले होते. दुकानातली पोरगी गोड होती. म्हणाली, ‘आजी, घालून तर बघा.’ घातला. निळा आहे, पिवळी फुलं आहेत. खोटं कशाला बोलू, बरी दिसते मी त्यात.

फाबियान: ते ठीक आहे हो, पण आत्ता घाटात का घातलाय?

नेलिदा: आत्ता नाही घातला. शुक्रवारी सकाळी घातला. म्हटलं, ऐन वेळी धावपळ नको. गाडी थांबली की वरचे कपडे काढायचे आणि सरळ पाण्यात. रात्री हॉटेलात धुऊन नळावर वाळत घालायची, सकाळी पुन्हा चढवायची. एकदा तर ओलाच घातला.

सिल्वाना: म्हणजे मॉलमध्ये सगळे दिवस...

नेलिदा: आतून हाच होता. आजही घातला. तुम्ही बॅगा भरत होतात, तरी घातला. म्हटलं, ह्यांचा काही भरवसा नाही, वाटेत गाडी वळवतीलसुद्धा.

(पुढची गाडी एका वळणाइतकी सरकते. मागून हॉर्न वाजायला लागतात.)

नेलिदा: फाबियान, घे ना पुढे. लोक शिव्या घालतायत.

फाबियान: घालू देत.

नेलिदा: अरे, चल. जाऊ दे आता. मला राग आला होता, बोलून टाकला, संपला. पोरं टीव्हीची वाट बघत असतील. मी सांगते त्या साहेबाला, टीव्ही माझा. डावीकडचा तिसरा हिस्सा. रविवारी जेवायला आले की माझ्या हिश्श्यात काय दिसतंय ते बघत बसेन. दे ते जाकीट इकडे.

सिल्वाना: आई, तुला फोन केला ना, तेव्हा माझ्या डोक्यात आधी कोटाच होता. खरं सांगते. पण तू एवढी खूश झालीस, केसांना रंग लावून घेतलास, मग मला बोलवेना.

नेलिदा: आता रडू नकोस. डोळे लाल दिसले की साहेब सगळी गाडी उघडायला लावेल. आणि खूश होतेच की मी. तीन दिवस लेकीच्या हाताला धरून हिंडले. मॉलमध्ये का असेना. एरवी तुला फोनवर दोन मिनिटं असतात का?

सिल्वाना: नसतात गं.

फाबियान: सिल्वाना, मान बाहेर काढून बघ. मागे वळायला जागा आहे?

सिल्वाना: कशाला?

फाबियान: बघ तर.

सिल्वाना: आहे थोडी. पण फाबियान, सकाळपासून रांगेत आहोत! उद्या तुझं टायरचं दुकान उघडायचंय.

फाबियान: मेंदोसातले टायर परवा पंक्चर होतील. आणि टीव्ही काही धुतल्यावर आटणार नाही, उद्याही एवढाच असेल.

नेलिदा: अरे वेड्या, काय करतोयस? पेट्रोल काय फुकट येतं? फाबियान! नंबर जाईल आपला!

फाबियान: सासूबाई, तुम्ही बोलू नका. तुम्ही माल आहात. मालाला कुठे न्यायचं ते गाडीवाला ठरवतो.

नेलिदा: बघ गं सिल्वाना, कसा बोलतो मला!

सिल्वाना: बरोबर बोलतोय. बस गप्प. फाबियान, थोडं डावीकडे... अजून... हां, आता घे.

फाबियान: घाट उतरला की दोन तासांत विन्याचा समुद्रकिनारा. सूर्य मावळायच्या आत पोचतो. आपल्याकडचा सूर्य डोंगरामागे पळून जातो, इथला पाण्यात बुडतो. सगळ्यांसमोर. पण आधीच सांगून ठेवतो, पाणी बर्फासारखं गार असतं. नंतर माझ्या नावानं ओरडायचं नाही.

नेलिदा: गार तर गार. तीन थर आहेत की बाहेर आल्यावर घालायला.

सिल्वाना: मलाही काहीतरी लागेल. मी काय घालून उतरू पाण्यात?

नेलिदा: तुला सांगत होते, त्या दुकानात तुझ्या मापाचा लाल होता. पण तुला इंच मोजायचे होते. आता स्कर्ट वर धर आणि ये गुडघ्यापर्यंत.

फाबियान: अरे देवा, पोलीस. हात करतोय. गप्प बसा, मी बोलतो.

पोलीस: काय हो, रांग सोडून मागे कुठे निघालात? परत याल तर शेवटी उभं राहावं लागेल. बोगदा रात्रीपर्यंत असाच तुंबलेला असणार.

फाबियान: कल्पना आहे, साहेब. चालेल.

पोलीस: चालेल? इथे दहा मीटरसाठी लोक मारामाऱ्या करतायत. गाडी बिघडलीय का? आजी, तुम्ही बऱ्या आहात ना? एवढे कपडे का घातलेत?

नेलिदा: मी एकदम ठणठणीत आहे, बाळा.

पोलीस: मग काही मागे राहिलंय का?

नेलिदा: हो. समुद्र बघायचा राहिलाय.