'फान ओस्टहेम'चं एकोणिसावं पान

नेल्ट्ये : कॉफी घे आधी. पुस्तिका वाचली मी. एका बैठकीत.

विब्रेन : छान काढलीय ना, वहिनी? आमचं 'फान ओस्टहेम' जहाज नौदलात आलं तिथपासून विकलं जाईपर्यंत सगळं आहे. कॅरिबियन, आखात, नॉर्वे. तुमचा साइब्रांद असता तर यंत्रखोलीच्या चुका काढत बसला असता.

नेल्ट्ये : एकोणिसावं पान वाच. मोठ्यानं.

विब्रेन : 'फेब्रुवारी १९८६. नॉर्वेजवळ वादळात जहाजाच्या पंख्याच्या दांड्याचं नुकसान. एक मार्च ते अठरा एप्रिल, डेन हेल्डरच्या गोदीत दुरुस्ती.' ...हं.

नेल्ट्ये : आमची ग्रीट बारा फेब्रुवारीला गेली. नऊ महिन्यांची. नवरा समुद्रावर, म्हणून मातीही मी एकटीनंच दिली. पुढे एप्रिलपर्यंत त्याची पत्रं येत होती, जहाज अजून नॉर्वेकडेच आहे म्हणून. आणि हे पान म्हणतंय, तो डेन हेल्डरला होता. इथून, टेक्सेल बेटावरून, बोटीनं वीस मिनिटं.

विब्रेन : त्याला जाऊन वर्ष झालं, वहिनी. आता कशाला...

नेल्ट्ये : दुसरी बाई होती?

विब्रेन : छे हो. घाबरला होता तो. ग्रीटचा निरोप आला तेव्हा वादळामुळे हेलिकॉप्टर उडेना. मग रोज एकच, आता कुठल्या तोंडानं जाऊ? गोदीतच झोपायचा, इंजिनाशेजारी. पत्रंही तिथंच लिहायचा.

नेल्ट्ये : म्हणजे आलाच नाही.

विब्रेन : दर शनिवारी बोटीत बसायचा. दोनदा मी बरोबर होतो. बोट टेक्सेलला लागायची, माणसं उतरायची, हा खाली गाड्यांच्या मजल्यावर बसून राहायचा. मी म्हटलं, उतर की गाढवा. तर म्हणतो, 'तिनं दार उघडलं की मागे पाळणा दिसेल.' त्याच बोटीनं परत.

नेल्ट्ये : पाळणा मी दुसऱ्याच आठवड्यात बहिणीकडे धाडला होता.

विब्रेन : त्याला काय ठाऊक.

नेल्ट्ये : त्यानंतर अडतीस वर्षं एका छपराखाली काढली. एका शब्दानं बोलला नाही.

विब्रेन : मलाही शपथ घातली होती. हे छापून येईल, असं कुणाच्या मनात आलं होतं?

नेल्ट्ये : शनिवारी मी काय करायचे, सांगू? चालत पश्चिमेच्या किनाऱ्यावर जायचे. अंधार पडेपर्यंत समुद्राकडे बघत उभी राहायचे, जहाज येतंय का म्हणून. बोटीचा धक्का माझ्या पाठीमागे होता, विब्रेन.