तीन सेलची बॅटरी

...आन् एवढं सगळं झाल्यावर वरून मलाच म्हणतेत, "अप्पाराव, हिरवा लागल्ता हो. हिरवा लागला म्हंजी लागला!" आता काय बोलावं, तुम्हीच सांगा. तुम्हाला सांगतो, आमच्या अख्ख्या तीर्थपुरीत कुणाचा देवावर नसंल एवढा भरवसा आमच्या शेजारच्या सर्जेराव आण्णांचा त्या चार्जरच्या हिरव्या दिव्यावर!

झालं काय, दिवाळीला बदनापूरचा जावई आला, रामप्रसाद. पोरगं चांगलं, पण हौशी. सासऱ्याला काय आणावं? स्वेटर आण, धोतरजोडी आण... न्हाई! यानं आणला चार्जर आन् चार सेल. "मामा, आता सेल इकत घ्यायचं कामच न्हाई. संपले की भिंतीला लावा, पुन्हा ताजे. लाल दिवा म्हंजी चालू, हिरवा म्हंजी झालं." लई भारी! पण त्या चार्जरात सेल भरायचे जोडीजोडीनं, आन् आण्णांची बॅटरी कितीची? तीन सेलची! मंग आण्णांची कसरत सुरू. चारातले दोन गेले घड्याळात आन् टीव्हीच्या रिमोटात, मंग बॅटरीला दोन सेल चार्जरमधले, तिसरा भिंतीवरच्या घड्याळातला. घड्याळ थांबलं की बॅटरीतला घड्याळात, घड्याळातला टीव्हीच्या रिमोटात, रिमोटातला पुन्हा बॅटरीत... त्या सेलांना तरी कळत असंल का, आज आपण कुणाच्या घरी नांदून राह्यलो? त्यात जुनी खोड, सेल बसला की पत्र्यावर उन्हात ठिवायचा. आहो, ते जुने सेल होते, उन्हात घटकाभर तरतरी धरायचे! चार्जिंगचा सेल उन्हानं आणखीच मरतो.

जावयानं फोनवर परोपरीनं सांगितलं, "मामा, तिन्ही सेल एका वयाचे ठिवा, तिन्ही संगंच भरा. दोन जेवलेले आन् एक उपाशी असं करू नका, उपाशी असतो तो बाकीच्या दोघांला बी घेऊन बसतो. आन् भरून पेटीत ठिवले तरी बसल्या बसल्या उतरतेत ते." आण्णा काय म्हणले? "जावईबापू, हिरवा लागला म्हंजी लागला!" आन् फोन ठिवला.

तुम्ही म्हणाल, तीन सेलासाठी एवढं रडगाणं? थांबा, कोंबडीचं सांगायचं राह्यलं.

आण्णांची बायको, दैवशाला वैनी. त्यांचं माहेर घनसावंगीकडलं, गोदाकाठचं. लग्नात वैनीसंगं टोपलीत बसून एक काळी कोंबडी आल्ती, उघड्या मानेची. तिची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, चाळीस वर्षं त्या घरात तीच जात. मधी माय वारली, भाऊ शहरात गेले, माहेराला कुलूप लागलं. वैनी दाणे टाकता टाकता म्हणायच्या, "माह्या मायच्या कोंबड्या हायेत ह्या." आन् त्या दिवाळीमागून आलेल्या उन्हाळ्यात मानमोडीचा रोग आला. चार दिवसांत खुराडं रिकामं. कोंबडा तेवढा चार दिस जास्त जगला, मंग तो बी गेला. राह्यली एकच म्हातारी कोंबडी. तिनं कोंबडा जायच्या आगंमागं नऊ अंडी दिली आन् खुडूक होऊन त्यांच्यावर उबवायला बसली. आता कोंबडाच न्हाई म्हंजी पुढं काहीच न्हाई. वैनीचं जे काय माहेर उरलं ते ह्या नऊ अंड्यांत!

आता अंड्याचं असं हाये, आठव्या दिवशी ते उजेडापुढं धरायचं. आत लाल रेघा दिसल्या म्हंजी जीव धरला. न्हाई दिसल्या तर फोल. ते काढून टाकायचं, न्हाईतर सडून फुटतंय आन् बाकीची बी नासतेत. वैनी दरसाल दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरपीत धरायच्या. पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणल्या, "तुम्हीच बघा, पण तिरपीत धरून बघा बरं." झालं, आण्णांना लागलं ते! "घरात बॅटरी असताना तिरीप? कालच हिरवा लागलाय!" आन् मला हाक, "अप्पाराव, या जल्दी, गंमत बघा!"

मी गेलो. बाहेर भर दुपार, पण कोंबडी बसवली ती आतली खोली म्हंजी डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना. आण्णांनी बॅटरी लावली. लख्ख! "बघा!" म्हणले, आढ्यावर मारली. "बघा!" कोपऱ्यातल्या वखरावर मारली. माह्या तोंडावर मारली, मला तर आण्णाच दिसंनात! "हाये का तीर्थपुरीत कुणाची अशी?" सगळा जोर आढ्यावर, वखरावर आन् माह्या थोबाडावर खर्च केला, आन् अंड्याची पाळी आली तवा उजेड कसा? हळदीवानी पिवळा. तिसरा सेल घड्याळातला ना, तो बसला आन् दोघांला बी घेऊन बसला.

पण आण्णा कुठं ऐकतेत! पहिलं अंडं धरलं. "रेघ न्हाई. फोल." दुसरं. "फोल." तिसरं, "हे बी फोल!" असं करत शेवटच्यापर्यंत. दारातून वैनी म्हणल्या, "आवं, ती कोंबडी दाण्याला बी उठून राह्यली न्हाई. फोल अंड्यावर अशी बसंल का? तिरपीत धरा की एकदा!"

"कोंबडीला काय कळतंय? हिरवा लागला म्हंजी लागला! अप्पाराव, तुम्हाला दिसतंय का काही?"

आता माझं ऐका. मला काहीच दिसत नव्हतं, डोळ्यापुढं अजून तो मघाचा लखलखाट नाचून राह्यल्ता. म्हणावं ना मी, आण्णा, बॅटरीच मंद झालीय? एवढंच तर म्हणायचं होतं! न्हाई म्हणलो. तिकडं चुलीवर चहाला आधण आल्तं, आन् मी म्हणलो, "फोलच दिसतेत आण्णा. टाका."

आण्णांनी अंडी टोपलीत भरली, घरामागं गेले आन् भिंतीवरून उकिरड्यावर पालथी केली. नऊच्या नऊ. आन् मंग आम्ही दोघांनी खाली फुटलेल्या अंड्यांत बघितलं... काय सांगू बाप्पा. लाल रेघा. बारीक बारीक, जाळं धरलेल्या. आन् मधी मोहरीएवढा एक टिपका, तो उडून राह्यल्ता. टुक... टुक... टुक. मंग थांबला. उन्हात सगळं बराबर दिसून राह्यलं होतं.

आण्णांनी रिकामी टोपली भिंतीवर ठिवली. मला म्हणले, "अप्पाराव, हिरवा लागल्ता हो..." ते असं म्हणले ना, की मला रडूच आलं.

वैनी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, टोपली फेकून मारली असती! त्यांनी काय केलं? चहा दिला. मला बी दिला!  आन् ती कोंबडी, ती तशीच बसून, नुसत्या भुशावर, पंख पसरून.

त्या दिवसापासून आण्णा सुधारले. तुम्हाला सांगतो, इतके सुधारले की बघवत न्हाई. जालन्याला जाऊन एकसारखे तीन सेल आणले, तिन्हीवर तारीख लिहिली. एकेक सेल वेगळा भरणारा चार्जर आणला. घड्याळाला त्याचा त्याचा साधा सेल. काम असो नसो, पंधरा दिवसाला तिन्ही संगंच भरायचे. हिरवा लागला तरी भरवसा न्हाई, बॅटरी लावून बघतेत, किती टिकून राह्यली. आता बटण दाबलं की समोरच्या लिंबाचं पान अन् पान दिसतंय!

आन् मंग बाजारातून गावरान म्हणून दहा अंडी आणली, अलगद त्या कोंबडीखाली सरकवली. आठव्या दिवशी मला बोलावलं. ह्या वेळी आढ्यावर न्हाई, वखरावर न्हाई, सरळ अंड्यावर धरली. अंडं दिव्यावानी उजळलं. आरपार! एक रेघ न्हाई, एक टिपका न्हाई. दुसरं तसंच. तिसरं तसंच. दहाच्या दहा, स्वच्छ फोल. गावरान कशाची, पोल्ट्रीचीच ती!

दारातून वैनीनं विचारलं, "काय दिसतंय वं?"

आण्णांनी माह्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं.

"भरलीत," आण्णा म्हणले. "सगळीच्या सगळी भरलीत."

आता चाळीस वर्षं कोंबड्या आन् तेवढीच वर्षं हा नवरा सांभाळलेली बाई, तिला आवाजावरून कळत न्हाई का? भिंतीला हात लावत लावत आत आल्या, कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला. 

"बसू द्या मंग तिला," म्हणल्या. आन् जाता जाता म्हणल्या, "ह्या टायमाला बॅटरी लई चांगली चालून राह्यली तुमची."