दहावीचा पीटीचा तास

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चेअरमन आदरणीय धैर्यशील दादा, व्यासपीठावरील संचालक मंडळी, मुख्याध्यापक सर, ज्यांच्यासाठी आज हे सभागृह भरलं आहे ते आपले बशीर मुलाणी सर, त्यांच्या शेजारी मघापासून सगळे हार-नारळ सांभाळत बसलेल्या त्यांच्या पत्नी खातूनबी चाची, माझे सहकारी शिक्षक, गावातली वडीलधारी मंडळी आणि मागे खिडक्यांत बसलेले आजी-माजी विद्यार्थी, सर्वांना माझा नमस्कार.

मी शिवांजली. या शाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवते. सरांचे कबड्डीचे संघ, त्यांची शिट्टी, त्यांचा राग याबद्दल माझ्या आधी पुष्कळ बोलून झालं आहे. मी फक्त दहावीच्या पीटीच्या तासाबद्दल बोलणार आहे. सर आज निवृत्त होतायत, त्यांची जागा लगेच भरली जाईल असं दिसत नाही, आणि जूनपासून दहावीचा तो तास गणिताच्या जादा वर्गाला द्यायचं ठरत आलं आहे. ठराव अजून झालेला नाही. म्हणून आज बोलते.

हे बोलताना मला भीती वाटते आहे, ते लपवत नाही. माझी नेमणूक दर जूनला नव्यानं होते आणि ती करणारी मंडळी याच व्यासपीठावर आहेत. काल रात्री आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “सरांचं कौतुक कर आन गप खाली बस.” तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. म्हणून सगळं लिहून आणलंय. जास्तीचं काही तोंडून जाऊ नये.

आमचं गाव कराडच्या अलीकडं. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. अण्णा गुऱ्हाळावर चुलाणापुढं उभे असायचे, आई दुसऱ्यांच्या रानात भांगलायला जायची. मी दहावीत गेले आणि आईनं मला घागर उचलायला बंदी केली. ताटसुद्धा जागेवर यायचं. मी उठले की ती म्हणायची, “तू बस गं. हलू नगो. आमी हलतुय न्हवं?” अंग मोडून करायच्या कामातून सुटका, म्हणजे शिक्षण. तिनं दुसरं काही पाहिलंच नव्हतं, तर तिला तसं वाटणारच.

पण आपण सगळ्यांनीच तसं धरून ठेवलंय की नाही? पहाटे रस्त्यावर पोरगा पळताना दिसला की आपण विचारतो, भरतीची तयारी का? आणि वर्गात पहिला येणारा पळताना दिसला तर घरी जाऊन विचारतो, याचं काही बिनसलंय का? पळायचं ते भरतीवाल्यांनी आणि बसायचं ते हुशारांनी, अशी वाटणी आपण करून टाकली आहे.

आता गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. संयोगिता मानेला विचारूनच सांगते आहे, ती इथंच बसली आहे. पूर्वपरीक्षेत तिनं गणिताचा निम्मा पेपर कोरा ठेवला. तिला गणित येत नव्हतं का? दुसऱ्या दिवशी गणिताच्या धनाजी सरांनी तीच गणितं फळ्यावर घातली, तिनं सगळी सोडवली. मी तिला बाजूला घेतलं तेव्हा म्हणाली, “मॅडम, मी वाचते, पण आत काही जातच नाही.” पहाटे उठून बसणं, शाळेत बसणं, क्लासला बसणं, रात्री पुन्हा बसणं, असा तिचा दिवस होता. पीटीच्या तासाला ती घरून चिठ्ठी आणून वर्गातच थांबायची. चिठ्ठीत दर वेळी पाय दुखतोय असं असायचं. कोणता पाय, ते बदलत असे.

तिचे वडील जयराज काका, म्हणजे फौजेतले निवृत्त हवालदार माने, रानात पाणी पाजायचं काम अर्धं टाकून शाळेत आले. पीटीचा तास परीक्षेपर्यंत बंदच करा, असं त्यांना सांगायचं होतं. मी खडू न्यायला ऑफिसात गेले होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलंय.

काका म्हणाले, “मुलाणी सर, आता तुमचा तास सोडा. माझ्या पोरीला काय भरती करायची न्हाई.”

सर म्हणाले, “मला बी करायची न्हाई. भरती झाली तर बराकीत बी रोज पाय दुखंल तिचा.”

काका हसले नाहीत. “मग उन्हात कशाला पळवताय?”

“गणिताच्या आधी जरा हलवतो. आवं हवालदार, तुमी वायरलेसवर हुता न्हवं?”

“व्हय.”

“ते तारेचं कट्ट-कडकट्ट शिकवायचे तवा आधी काय करून घ्यायचे?”

“पीटी.” काका जरा थांबले. “लय पीटी.”

“कशाला?”

“वर्गात झोपू नये म्हणून.”

“मग तुमची पोरगी काय येगळ्या मातीची हाय व्हय?”

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी विज्ञानाची शिक्षिका, तेव्हा खरं-खोटं मी सांगावं असं त्यांना वाटलं असेल. सरही म्हणाले, “मेंदूचं मॅडमला विचारा. मी ग्राउंडचा मास्तर.”

तेव्हा जे सांगितलं तेच आज सांगते. भरभर चालल्यानं, पळल्यानं हृदय जोरात चालतं आणि मेंदूला रक्त जास्त पोचतं. त्यानंतर काही वेळ लक्ष जास्त चांगलं टिकतं. रोज व्यायाम होत राहिला तर मेंदूतल्या पेशींना वाढायला आणि एकमेकींशी जोडायला मदत करणारी द्रव्यं शरीर तयार करतं, आणि आठवणी पक्क्या करणाऱ्या भागाला त्याचा उपयोग होतो. झोप सुधारते. दिवसा वाचलेलं डोक्यात नीट बसतं ते बरंचसं झोपेत. आता दुसरी बाजू. सगळ्या मुलांना सारखाच फायदा होतो असं आढळलेलं नाही. पळाल्यानं गणित येतं असंही मी म्हणत नाही. गणित सोडवल्यानंच येतं. पण व्यायामाला तास दिला म्हणून मुलं अभ्यासात मागं पडली, असं मी शोधूनही मला कुठं सापडलं नाही.

माने काका जायला उठले. मग म्हणाले, “परीक्षेपातूर बघतो. काय कमीजास्त झालं तर तुमच्या दारात यीन.” चिठ्ठ्या बंद झाल्या. पहिल्या दिवशी संयोगिताला एक फेरीसुद्धा पुरी करता येईना. सर तिच्या बरोबरीनं चालत राहिले आणि मुलींना म्हणाले, “हसू नका, मी बी दमलोय.” त्यांना खरंच धाप लागली होती. पुढच्या आठवड्यात ती पळू लागली आणि धनाजी सरांच्या तासाला शंका विचारू लागली. त्या महिन्यात तिचं पहाटेचं उठणंही घरच्यांनी उशिरावर आणलं होतं आणि धनाजी सरांनी तिच्यावर वेगळी मेहनत घेतली होती. त्यामुळे सगळं श्रेय मैदानाला देणं बरोबर होणार नाही. बोर्डाचा निकालही अजून लागायचा आहे. पण गणिताचा पेपर तिनं पुरा लिहिला, एकही प्रश्न सोडला नाही. माने काका सरांच्या दारात गेले ते हातात गुळाची ढेप घेऊन. चाचींनी ती ठेवून घेतली, असं कळतं.

दादा, आता माझी मागणी. गणिताला जादा तास हवा, हे मला मान्य आहे. तो विज्ञानाच्या तासांतून घ्यावा. मी मुख्याध्यापक सरांना विचारून हे बोलते आहे. तेवढा भाग मी शनिवारी शाळा सुटल्यावर शिकवीन. धनाजी सरांना सांगितलं तर ते म्हणाले, “मॅडम, तास राहू दे, पण त्या तासाला मलाबी पळवा.” नवीन शिक्षक येईपर्यंत मैदानावर मी आणि माने काका थांबू. मला कबड्डी येत नाही. चालणं, पळणं, दोरीच्या उड्या एवढं घेता येईल. मुलींची चिठ्ठी चालणार नाही.

बशीर सर, तुम्ही मला कधी काही शिकवलं नाहीत, मी तुमची विद्यार्थिनी नव्हते. पण आमच्या आईला जे कुणी सांगितलं नाही, ते तुम्ही माने काकांना सांगितलंत. त्याबद्दल तुमचे आभार मानते. मला बोलू दिल्याबद्दल संयोजकांचे आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार.

माझ्यानंतर अध्यक्षीय भाषण आहे. जूनमध्ये दहावीचा पीटीचा तास राहणार की नाही, एवढं एक वाक्य दादांनी त्यात बोलावं. उत्तर नाही असलं तरी चालेल, पण ते बशीर सरांसमोर व्हावं. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, वेळ जास्त घेतला गेला असेल, तर लहान समजून पदरात घ्यावं. मागणी मात्र मी विचार करून केली आहे.