फक्त 'हो' कळणारा वॉकर

राव, डोकं फिरायचं बाकी आहे माझं! तळवड्यात आमच्या कंपनीनं बोलणारा रोबो-वॉकर बनवलाय. चाचणीला मोशीचे म्हादूतात्या आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, सगळा जन्म बैलांमागे गेलेला.

वॉकरनं विचारलं, "पुढे जाऊ का?"

"व्हय," तात्या म्हणाले. वॉकर ढिम्म! त्याला फक्त 'हो' शिकवलेलं.

"तात्या, 'हो' म्हणा."

ते म्हणाले, तसा वॉकर निघाला. समोर काचेचं दार आलं. तात्या घाबरून बैलाला थांबवतात तसे ओरडले, "होऽ! होऽऽ!"

प्रत्येक 'हो'ला वॉकर आणखी जोरात! मी धावत जाऊन बटण दाबलं, तेव्हा दार वीतभर राहिलं होतं.

तात्यांनी धापा टाकत विचारलं, "ह्याला शिकवलं कुनी?"

"मीच."

"मंग येसण तुला घालाय पायजे."